मालवणचा समुद्रतळ आणि स्कूबा : प्रस्तावना

सिंधुदुर्ग किल्ल्याच्या तटाबाहेर समुद्र फार खोल नाही. किल्ल्याभोवतीचे खडप पाण्यात उतरत जाते आणि पाच ते दहा मीटरांवर त्याच्या कपारींत प्रवाळ, समुद्रफुले, शेवंडी आणि माशांचे थवे यांची वस्ती लागते. महाराष्ट्रात हौशी माणसाला पाठीवर हवेचा सिलिंडर घेऊन पाण्याखाली फिरायचे असेल, तर तो प्रामुख्याने इथे येतो. मालवण, तारकर्ली, देवबाग, भोगवे आणि निवती हा त्याचा मुलूख. दक्षिणेला गोव्याचे ग्रँड आयलंड आणि मुरुडेश्वरजवळचे नेत्राणी बेट ही याच किनाऱ्यावरची भावंडे म्हणता येतील. परंतु मराठी पर्यटकाच्या तोंडी स्कूबा म्हणजे मालवण हे समीकरण पक्के बसले आहे.

या तळाला कायद्याचे संरक्षण पर्यटनाच्या बरेच आधी मिळाले. १३ एप्रिल १९८७ रोजी मालवण सागरी अभयारण्य घोषित झाले. त्याचे क्षेत्र २९.१२ चौरस किलोमीटर असून त्यातला ३.१८ चौरस किलोमीटरचा भाग गाभा क्षेत्र आहे. सिंधुदुर्ग किल्ला, पद्मगड आणि आसपासचे बुडालेले खडक या गाभ्यात येतात. अभयारण्य म्हटले की मासेमारीवर टाच येणार, या भीतीने इथल्या मच्छीमारांनी त्याला कडाडून विरोध केला आणि ती भीती अगदीच निराधार नव्हती. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचे जाळे, ओढून पोट भरणाऱ्याला किनाऱ्याजवळचे पाणी सोडून दुसरीकडे जाता येत नाही. त्यातच पर्ससीन जाळी आणि पुढे एलईडी दिव्यांची मासेमारी आली, तेव्हा आपले पाणी दोन्ही बाजूंनी आवळले जात आहे असे पारंपरिक मच्छीमाराला वाटले. १९९७ मध्ये सिंधुदुर्ग हा पर्यटन जिल्हा जाहीर झाला. पुढे संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाच्या मदतीने सिंधुदुर्ग किनाऱ्यावर जैवविविधतेचा प्रकल्प राबवला गेला. त्यात स्थानिक तरुणांना स्नॉर्कलिंग आणि स्कूबाचे प्रशिक्षण मिळाले. तारकर्लीला महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाने स्कूबा प्रशिक्षणाची संस्था उभारली. आज मालवणात होडीवर सिलिंडर चढवणारा मुलगा पुष्कळदा रापणकराच्या घरातलाच असतो. १९८७ चा वाद त्यामुळे मिटला असे नाही. पण जाळे अडकते म्हणून ज्या खडपाला शिव्या खाव्या लागत, त्याच खडपावर आता काही घरे चालतात.

मालवणचे प्रवाळ लक्षद्वीपच्या छायाचित्रांसारखे असेल, ही अपेक्षा ठेवून आलेल्याची निराशा होते. भारतात प्रवाळभित्तीचे चार मोठे प्रदेश मानले जातात : कच्छचे आखात, मन्नारचे आखात, लक्षद्वीप आणि अंदमान-निकोबार. कोकण त्यात बसत नाही. इथे प्रवाळांनी स्वतः भित्ती बांधलेली नाही. आधीपासून असलेल्या खडकावर त्यांच्या वसाहती विखरून बसल्या आहेत. प्रवाळाच्या पेशींत सूक्ष्म शैवाल राहते आणि त्याने तयार केलेल्या अन्नावर प्रवाळाची बरीचशी गरज भागते. शैवालाला सूर्यप्रकाश हवा, म्हणजे पाणी स्वच्छ हवे. कोकणात पावसाळ्याचे चार महिने सुमारे तीन हजार मिलीमीटर पाऊस कोसळतो आणि कर्लीसारख्या नद्या डोंगराची माती समुद्रात आणून ओततात. पाणी गढूळ होते, खारटपणा उतरतो, गाळ प्रवाळावर बसतो. हे सगळे सोसून जे उरते तेवढेच प्रवाळ इथे टिकते, आणि म्हणूनच ते थोडे, चिवट आणि हळू वाढणारे आहे.

गाळाचा हा परिणाम किती मोठा असतो ते मुंबईच्या नाहूर उपनगरात दिसते. नाहूर स्थानकाच्या पूर्वेला महामार्ग ओलांडला की मिठागरे, खारफुटी आणि त्यापलीकडे ठाण्याची खाडी. पाणी अरबी समुद्राचेच, भरती-ओहोटीही तीच. परंतु तळाला चिखल इतका की प्रवाळाला बसायला कठीण जागा नाही आणि हातभर खाली उजेड नाही. त्या चिखलावर खारफुटी पोसली गेली, रोहित पक्षी आले, २०१५ मध्ये तिथे रोहित पक्ष्यांचे अभयारण्य झाले आणि २०२२ मध्ये खाडीला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. मुंबईच्या पश्चिमेकडे, जिथे खडक उघडा आहे, तिथे मात्र प्रवाळ सापडते. सागरी किनारा मार्गाच्या कामात वरळी आणि हाजी अली इथे आढळलेल्या प्रवाळ वसाहती २०२० मध्ये राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या देखरेखीखाली हलवाव्या लागल्या. भांडुप, नाहूर, मुलुंड या पट्ट्यात मालवणी कुटुंबांची मोठी वस्ती आहे. गणपतीला आणि मे महिन्यात ठाण्याहून कोकणची गाडी पकडून कुडाळला उतरणाऱ्या या मंडळींना समुद्र नवा नसतो, पण त्याचा तळ बहुतेकांनी कधी पाहिलेला नसतो.

मालवणी माणसाला तळाशी भेटणारे पुष्कळ जीव बाजारातल्या नावांनी ओळखीचे असतात. तांबोशी बर्फावर निपचित पडलेली असते तेव्हा तिचा तांबडा रंगच डोळ्यांत भरतो. पाच-सात मीटर खोलीवर मात्र ती करडी दिसते, कारण पाणी आधी तांबडा प्रकाश गिळते आणि निळा शेवटपर्यंत राहतो. टॉर्चचा झोत टाकला की तिचा खरा रंग परत येतो. गोबरा कपारीच्या तोंडाशी थांबतो. माणूस जवळ आला तरी तो लगेच पळत नाही, फक्त अंगावरचे डाग गडद करतो आणि कल्ले हळूहळू हलवत मागे सरकतो. शेवंडीचे शरीर दिसत नाही, खडकाखालून बाहेर आलेल्या दोन लांब मिशा दिसतात. केंड मासा घाबरला तर पाणी पिऊन फुगतो. त्याला फुगवण्यासाठी मुद्दाम छेडणारे वाटाडे आहेत आणि ती गंमत वाईट आहे, कारण फुगणे हा त्या माशाचा जीव वाचवण्याचा शेवटचा उपाय असतो. केंडात टेट्रोडोटॉक्सिन हे विषही असते, तेव्हा हाताळण्यात शहाणपण नाहीच. याखेरीज फुलपाखरू मासे, पट्ट्यापट्ट्यांचे सार्जंट मासे, खडक कुरतडणारे पोपट मासे, वाळूत अर्धी गाडून घेतलेली पाखट, समुद्री साळू आणि समुद्री काकडी हे नेहमीचे रहिवासी. पावसाळ्यानंतर खडपावर सारगॅसम हे तपकिरी समुद्रशेवाळ दाट वाढते आणि माशांच्या पिलांना त्यात आसरा मिळतो.

प्रवाळ ओळखायला डोळा तयार व्हावा लागतो. पोराइट्स जातीची वसाहत दुरून गुळगुळीत पिवळट धोंडा वाटते. अगदी जवळून पाहिले की पृष्ठभागावर मिलीमीटरभर आकाराची असंख्य भोके दिसतात. त्यातले प्रत्येक भोक हे एका जिवंत प्राण्याचे घर असते. टर्बिनेरियाच्या वसाहती कोबीच्या पानांसारख्या वळलेल्या असतात आणि कडेला ठिसूळ. फिन्सचा, म्हणजे पायात चढवलेल्या रबरी परांचा, एक हलका फटका बसला तरी अशी कड मोडते. गोलसर प्रवाळ वर्षाला काही मिलीमीटर एवढेच वाढते, म्हणजे मुठीएवढा धोंडा तयार व्हायला काही वर्षे जातात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार भित्ती बांधणारी प्रवाळे, काळे प्रवाळ आणि समुद्रपंखे संरक्षित आहेत. ती तोडणे, बाळगणे किंवा विकणे हा गुन्हा आहे. आठवण म्हणून खिशात टाकलेला तुकडाही त्यातच येतो.

या तळापर्यंत माणूस पोचतो तो १९४३ च्या एका शोधामुळे. फ्रान्समध्ये जाक कूस्तो आणि एमिल गान्यां यांनी मागणीनुसार हवा देणारा झडपेचा रेग्युलेटर तयार केला. आजही स्कूबाच्या साहित्याचे तत्त्व तेच आहे. सिलिंडरमध्ये दाबून भरलेली साधी हवा असते. मालवणातही सगळे जण त्याला ऑक्सिजनचा सिलिंडर म्हणतात, पण शुद्ध ऑक्सिजन सहा-सात मीटरांच्या खाली घातक ठरतो, तेव्हा तो नसतो हेच बरे. रेग्युलेटर तोंडात धरून श्वास ओढला की भोवतीच्या पाण्याच्या दाबाइतक्याच दाबाची हवा छातीत येते. दर दहा मीटरला दाब एका वातावरणाने वाढतो : पृष्ठभागावर १, दहा मीटरवर २, वीस मीटरवर ३. हवेचा खर्च त्याच पटीने वाढतो. बारा लिटरचा सिलिंडर २०० बारपर्यंत भरला तर त्यात २४०० लिटर हवा मावते. शांत माणूस पृष्ठभागावर मिनिटाला साधारण २० लिटर हवा घेतो असे धरले, तर दहा मीटरवर तोच ४० लिटर घेईल. शेवटचे ५० बार राखून ठेवायचे म्हटले तर उरलेली १८०० लिटर हवा पाऊण तास पुरते. घाबरलेला नवशिका तेवढीच हवा वीस मिनिटांत संपवतो.

दाबाचा पहिला अनुभव कानाला येतो, आणि तो दोन-तीन मीटरांवरच येतो. कानाचा पडदा आत ढकलला जातो, दुखू लागते. नाक चिमटीत धरून हळूच फुंकर मारली की मधल्या कानात हवा जाते आणि दुखणे थांबते. सर्दी असेल तर ही वाट बंद असते आणि त्या दिवशी उतरू नये. दुखत असताना जोर लावून खाली जाणाऱ्याचा पडदा फाटू शकतो.

श्वास रोखणे हा स्कूबातला सर्वांत घातक दोष. तलावात बुडी मारायला शिकलेल्या माणसाला तो नैसर्गिक वाटतो, म्हणून तो मुद्दाम विसरावा लागतो. दहा मीटरवर भरलेली छाती तशीच बंद ठेवून माणूस वर आला, तर आतल्या हवेचे आकारमान दुप्पट होऊ पाहते आणि फुप्फुस फाटते. पोहण्याच्या तलावाइतक्या उथळ पाण्यातही हे घडू शकते. म्हणून पहिला नियम असा की श्वास सतत चालू ठेवायचा, आणि वर येताना मिनिटाला सुमारे ९ मीटरपेक्षा घाई करायची नाही. दुसरा धोका नायट्रोजनचा. दाबाखाली तो रक्तात आणि ऊतींमध्ये विरघळतो. माणूस चटकन वर आला की हा वायू बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर पडून सांध्यांत, त्वचेत, वाईट वेळी मेंदूत अडकतो. त्यासाठी पाच मीटरवर तीन मिनिटे थांबण्याची पद्धत आहे. तीस मीटरांच्या आसपास याच वायूने गुंगी येऊ लागते, परंतु मालवणच्या किनाऱ्यालगत तेवढी खोली मिळतच नाही.

नायट्रोजनचा एक नियम मात्र मालवणात फारसा कुणी सांगत नाही. डुबकीनंतर लगेच विमानात बसू नये : एक डुबकी असेल तर किमान १२ तास, अनेक असतील तर किमान १८ तास थांबावे. ऑक्टोबर २०२१ मध्ये चिपीचा विमानतळ सुरू झाल्यापासून हा प्रश्न इथे खरा झाला आहे. घाटाचेही तेच. कोल्हापूर-बेळगावचा पर्यटक सकाळी पाण्यात उतरून दुपारी आंबोली चढतो, आणि आंबोली सुमारे ६९० मीटर उंचीवर आहे. पाच-सहा मीटर खोलीच्या दहा मिनिटांच्या डुबकीने धोका नगण्य असतो. लागोपाठ खोल डुबक्या मारणाऱ्याने मात्र घाटही हिशेबात धरावा. कोकण रेल्वेने ठाण्याला परतणाऱ्याचा मार्ग या दृष्टीने बरा, तो उंचावर चढत नाही.

इथल्या खडपासाठी आणि माणसासाठी सर्वांत महत्त्वाचे कौशल्य म्हणजे पाण्यात अधांतरी राहणे. कमरेला शिशाची वजने असतात, अंगात हवा भरता-काढता येईल असे बीसीडी जॅकेट असते, आणि या दोहोंच्या मध्ये तोल धरतो तो श्वास. छाती भरली की शरीर थोडे वर सरकते, सोडली की थोडे खाली. तो तोल साधला म्हणजे माणूस तळापासून हातभर वर, हातपाय न मारता, एका जागी थांबू शकतो. साधला नाही तर तो खडकाचा आधार घेतो, गुडघे टेकतो, फिन्सने गाळ उडवतो. तो गाळ पुढची दहा मिनिटे प्रवाळावर बसत राहतो. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मालवणच्या अभयारण्यातील प्रवाळाला हौशी डुबक्यांमुळे होणारी इजा नोंदवली आहे. याचे कारण पर्यटकांची संख्या एवढेच नाही. ज्यांना तोल शिकवलाच गेलेला नाही, अशांना थेट प्रवाळावर नेले जाते.

कारण मालवणात स्कूबा या नावाने विकले जाणारे बहुतेक अनुभव हे प्रशिक्षण नव्हेत. होडी किल्ल्याजवळ नांगरते, पाण्यात उतरलेल्याला रेग्युलेटर आणि मास्क चढवतात, तोंडाने श्वास घेण्याची पाच मिनिटे ओळख होते आणि वाटाड्या मागून सिलिंडर धरून त्याला खाली नेतो. वर-खालीची सूत्रे त्याच्याच हाती असतात. खुणाही घाईत शिकवल्या जातात. त्यातली एक गफलत नेहमीची : जमिनीवर वर केलेला अंगठा म्हणजे छान, पाण्याखाली त्याचा अर्थ मला वर न्या. ठीक आहे हे अंगठा आणि तर्जनीचे वर्तुळ करून सांगायचे असते. नवशिक्याने खुशीत अंगठा दाखवला आणि त्याची डुबकी तिथेच संपली, असे रोज घडते. मासे जमावेत आणि व्हिडिओ भरगच्च दिसावा म्हणून पाव किंवा बिस्किटे चुरून टाकण्याची पद्धतही रूढ आहे. सार्जंट मासे त्यावर तुटून पडतात. मात्र अशाने ते शेवाळ खाणे सोडतात, आणि शेवाळ वाढले की प्रवाळाची जागा जाते.

पूर्ण प्रशिक्षण घ्यायचे तर ओपन वॉटर हा पहिला टप्पा. त्यासाठी दोनशे मीटर पोहता आणि दहा मिनिटे तरंगता यावे लागते, वयाची किमान अट दहा वर्षे आहे, दमा, हृदयविकार, फिट यांविषयी वैद्यकीय प्रश्नावली भरावी लागते. तलावातल्या सरावानंतर समुद्रात चार डुबक्या होतात आणि १८ मीटरपर्यंत जाण्याचे प्रमाणपत्र मिळते. मास्कमध्ये पाणी शिरले तर नाकाने फुंकून काढणे, तोंडातून सुटलेला रेग्युलेटर शोधून पुन्हा धरणे, जोडीदाराकडून हवा घेणे ही त्यातली मुख्य कामे. तीन-चार दिवस जातात. मुंबईहून शनिवार-रविवार धरून येणाऱ्याला ते परवडत नाही, हे खरे.

हंगाम दसऱ्याच्या सुमारास सुरू होतो आणि मेअखेर संपतो. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ देऊन होड्या पाण्यात जातात, पण तळ दिसायला आणखी काही आठवडे लागतात. सगळ्यांत चांगले पाणी नोव्हेंबर ते फेब्रुवारीत मिळते. तेव्हाही दृश्यता क्वचितच दहा मीटरच्या पुढे जाते आणि पुष्कळदा तीन-चार मीटरवर अडते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात ओढ जोरात असते, तळ ढवळला जातो. अष्टमीच्या आसपास, भांगाच्या भरतीला, पाणी निवळते. सकाळी मतलई वारा मंद असतो, तोवर समुद्र सपाट. दुपारनंतर पश्चिमेचा वारा उठला की लाट येते. मे महिन्यात हाच वारा जिवावर बेततो. २४ मे २०२२ रोजी तारकर्लीजवळ स्कूबाहून परतणारी पर्यटकांची होडी उलटून दोघांचा मृत्यू झाला. पाण्याखालच्या धोक्यांची चर्चा खूप होते. या किनाऱ्यावर होडीत किती माणसे बसवली आणि अंगावर लाइफ जॅकेट आहे की नाही, हे दोन प्रश्न आधी विचारायला हवेत.

उन्हाळ्याचा दुसरा भार प्रवाळावर पडतो. समुद्राचे तापमान नेहमीच्या कमाल पातळीपेक्षा अंशा-दीड अंशाने वाढून आठवडे तसेच राहिले की प्रवाळ आपल्यातले शैवाल बाहेर टाकते आणि पांढरे पडते. याला विरंजन म्हणतात. पांढरे प्रवाळ मेलेले नसते, उपाशी असते. पाणी लवकर निवले तर सावरते. मालवणात २०१० च्या दशकात अशा घटनांची नोंद झाली आहे. मोडलेले तुकडे चौकटींवर बांधून पुन्हा वाढवण्याचे प्रयोगही इथे झाले. ते उपयोगी आहेत, पण वर्षाला मिलीमीटरने वाढणाऱ्या जिवाचे पुनर्रोपण मोडण्याच्या वेगाला गाठू शकत नाही.

किनाऱ्यालगतच्या खडपावरचा ताण हलका करायचा तर माणसे दुसरीकडे न्यावी लागतील. त्या दिशेने एक योजना निवतीजवळची आहे. नौदलाची आयएनएस गुलदार ही रणगाडे वाहून नेणारी नौका जानेवारी २०२४ मध्ये सेवेतून निवृत्त झाली. ती तिथे तळाशी बसवून पाण्याखालचे संग्रहालय आणि कृत्रिम खडप करण्याचे शासनाने ठरवले. लोखंडी सांगाड्यावर शिंपले, स्पंज आणि पुढे प्रवाळ बसते आणि आडोशाला गोबरा-तांबोशी येतात, हा जगभरच्या बुडालेल्या जहाजांचा अनुभव आहे.

दुसरी जागा फार लांब आहे. विजयदुर्गापासून पश्चिमेला सुमारे १०५ किलोमीटरवर, शेकडो मीटर खोल समुद्रातून आंग्रिया बँक हे बुडालेले पठार वर आले आहे. मराठ्यांच्या आरमाराचे सरखेल कान्होजी आंग्रे यांचे नाव त्याला मिळाले. त्याचा माथा पृष्ठभागापासून सुमारे २० मीटरवर आहे. नद्यांचा गाळ तिथवर पोचत नाही, पाणी निळे आणि प्रवाळ मालवणपेक्षा कितीतरी समृद्ध. डिसेंबर २०१९ मध्ये शास्त्रज्ञांच्या एका पथकाने तिथे जाऊन पाहणी केली. या पठाराला संरक्षण देण्याचे प्रस्तावही पुढे आले. तिथे वाटाड्याने मागून धरून नेण्याची सोय नाही : सर्वांत उथळ जागाच १८ मीटरच्या मर्यादेपलीकडे, आसऱ्याला बेट नाही, ओढ जोरात आणि रात्र होडीवरच काढायची. तिथे जाणाऱ्याला ओपन वॉटरच्या पुढचे प्रशिक्षण, खोल डुबक्यांचा सराव आणि समुद्र शांत असलेला नोव्हेंबर ते फेब्रुवारीचा काळ, या तिन्ही गोष्टी जुळवून आणाव्या लागतात.